दोन सेकंदांचा सूर आणि कागदावरचा मालक

2024च्या एप्रिल-मे महिन्यांत केंड्रिक लमार आणि ड्रेक या रॅपरांमध्ये गाण्यांमधून पेटलेल्या भांडणाने हिप-हॉपला जगभरच्या बातम्यांत आणून ठेवले. लमारच्या ‘नॉट लाइक अस’ला पुढच्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळाले. ड्रेकने युनिव्हर्सल या आपल्याच कंपनीवर बदनामीचा दावा लावला आणि ऑक्टोबर 2025मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कोण जिंकले यावर भरपूर लिहिले गेले, पण या साऱ्या धामधुमीतली सर्वांत दूरगामी घटना मात्र लवकर विस्मरणात गेली. ड्रेकने आपल्या एका गाण्यात 1996मध्ये मारल्या गेलेल्या टुपाक शकूरचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवून वापरला होता. टुपाकच्या वारसांनी खटल्याची ताकीद दिली आणि ते गाणे मागे घ्यावे लागले. दुसऱ्याचा आवाज उचलून त्यातून आपले गाणे उभे करण्याचा, म्हणजे सॅम्पलिंगचा, वाद हिप-हॉपच्या जन्मापासूनचा आहे. तो नेहमी ‘चोरी की कलेचे स्वातंत्र्य’ असा मांडला जातो. मला ही मांडणीच चुकीची वाटते. गेल्या तीन-चार दशकांतले खटले नीट पाहिले तर न्यायालयांनी बहुतेक वेळा कागदावरच्या मालकाचे रक्षण केले. ज्याच्या गळ्यातून किंवा हातातून तो सूर निघाला, तो माणूस दोन्ही पक्षांच्या हिशेबाबाहेर राहिला.

11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने एका घरगुती पार्टीत रेकॉर्डवरचा ढोलांचा तुकडा लांबवून नाचणाऱ्यांना खेळवत ठेवले. हिप-हॉपचा आरंभ तिथून मानतात. त्या पिढीकडे वाद्ये घ्यायला पैसे नव्हते, आई-वडिलांच्या रेकॉर्डी मात्र होत्या. 1988-89पर्यंत पब्लिक एनिमी आणि डी ला सोल या गटांनी शेकडो तुकड्यांच्या गर्दीतून नवी रचना उभी करण्याची कला फार वर नेली होती. मग डिसेंबर 1991मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल आला. गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा त्याने परवानगीवाचून घेतला होता. न्यायमूर्तींनी बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेनेच निकालपत्राची सुरुवात केली आणि फौजदारी कारवाईचीही शिफारस केली. 2005मध्ये एका अपील न्यायालयाने फंकाडेलिक या बँडच्या गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यालाही परवाना लागेल असे ठरवले. तो खटला लढवला होता ब्रिजपोर्ट या प्रकाशन कंपनीने. तिने 2001मध्ये सुमारे 800 प्रतिवाद्यांविरुद्ध जवळजवळ 500 दावे मांडले होते. आणि ज्याच्या बँडचे ते संगीत, तो जॉर्ज क्लिंटन स्वतः याच कंपनीशी हक्कांवरून वर्षानुवर्षे झगडत होता.

परवान्यांचे पैसे वाजवणाऱ्यापर्यंत पोचले का? विन्स्टन्स या बँडच्या 1969च्या ‘आमेन, ब्रदर’मधला ग्रेगरी कोलमनचा काही सेकंदांचा ढोलवाद्याचा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन 2006मध्ये बेघर अवस्थेत वारला. त्याला त्या तुकड्याचे काहीच मिळाले नाही. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’वर ज्याचा ताल ऐकू येतो, त्या क्लाइड स्टबलफिल्डचे नाव रचनाकार म्हणून कुठेही नव्हते, त्यामुळे रॉयल्टीचा प्रश्नच आला नाही. चोरीविरुद्ध बोलणाऱ्यांना मी हेच विचारीन, की इथे फुकट घेण्याला सुरुवात रॅपरने केली की त्याच्या आधी करारपत्राने?

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. 2002मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे ‘अॅडिक्टिव्ह’ अमेरिकेत गाजले. त्याच्या पोटात 1981च्या ‘ज्योती’ चित्रपटातले ‘थोडा रेशम लगता है’ होते. स्वर लता मंगेशकरांचा, संगीत बप्पी लाहिरींचे, आणि श्रेय दोघांनाही नाही. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश दिला. पुढे मात्र दावा फसला, कारण निर्मात्यासाठी रचलेल्या त्या संगीताचे हक्क लाहिरींकडे नव्हतेच. 1977मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताचा पहिला मालक निर्माता असे ठरवून ठेवले होते. ‘आराधना’मधल्या ‘बागों में बहार है’चा जेमतेम सेकंदभराचा तुकडा टिंबालंड या संगीत-निर्मात्याने द गेम या रॅपरच्या गाण्यात घेतला, तेव्हाही तेच झाले. 2011मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने सारेगामा या रेकॉर्ड कंपनीचा दावा फेटाळला तो चित्रपटाच्या निर्मात्याशी झालेल्या 1967च्या करारातल्या मुदतीच्या कलमावरून. त्या गाण्यातही लताबाई आहेत, मोहम्मद रफी आहेत. दोन्ही खटल्यांत कागदांचा खल झाला, गाणाऱ्यांना काय मिळावे याचा नाही. गायकांना रॉयल्टी हवी म्हणून साठच्या दशकात उद्योगाशी आणि रफींशीही वाद घेणाऱ्या लताबाईंना हा प्रश्न तेव्हाच कळला होता.

यावर पहिला आक्षेप असा, की प्रत्येक वादकाला विचारत बसले तर कला थांबेल. ती आधीच थांबली होती. परवानग्यांच्या गुंत्यामुळे डी ला सोलचा 1989चा अल्बम मार्च 2023पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही. गटातला डेव्ह तो दिवस पाहायला राहिला नाही, काही आठवडे आधीच गेला. म्हणून परवानगीऐवजी कायद्याने ठरलेला दर असावा. प्रसिद्ध झालेले गाणे दुसऱ्याने पुन्हा गाण्यासाठी अमेरिकेत 1909पासून अशीच सोय आहे, ध्वनिमुद्रणाच्या तुकड्यासाठी नाही. त्या दरातला एक वाटा वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचा असावा आणि तो कोणालाही लिहून देता येऊ नये. जावेद अख्तर यांच्या पाठपुराव्यानंतर 2012मध्ये आपल्या कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असाच अहस्तांतरणीय केला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दर भरला की कुणाचाही सूर कशातही घालायचा का? बलिघ हमदी या इजिप्शियन संगीतकाराची रचना जे-झीच्या ‘बिग पिंपिन’मध्ये आली. वारसाची हरकत पैशांपुरती नव्हती, त्या गाण्यातल्या अश्लील शब्दांना होती. 2018मध्ये अपील न्यायालयाने ती मानली नाही. आर्थिक हक्क विकले गेले होते, आणि इजिप्तच्या कायद्यातला नैतिक हक्क अमेरिकेत लागू होत नव्हता. इथे दराची योजना अपुरी पडते हे मी मान्य करतो. विटंबना झाल्यास नकार देण्याचा हक्क तिच्यासोबत हवाच. भारतीय कायद्यात त्याची जागा आहे, अमेरिकेच्या संगीतात जवळपास नाही.

आता यंत्र तुकडा घेत नाही, गळाच उतरवून घेते. जुलै 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाच्या नकला रोखल्या, 2025मध्ये आशा भोसले यांनाही तसेच संरक्षण दिले. दोन्ही आदेश आवाज ज्याचा त्याला ओळखून दिलेले आहेत, करारपत्र पाहून नव्हे. पण त्यांचा आधार प्रसिद्ध व्यक्तीची ओळख हा आहे. स्टुडिओत दिवसाच्या बिदागीवर वाजवणाऱ्या ढोलकीवाल्याचा हात जेव्हा एखादे यंत्र शिकून घेईल, तेव्हा त्याने कोणत्या कलमाखाली दाद मागायची, हे या आदेशांतून ठरत नाही.