खिडकीत दडलाय पैसा... पण नेमका कुठे?

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालत माझी मैत्रीण ताथवड्याला घरी पोचली, तर हॉलमध्ये तळं! चौदावा मजला, पश्चिमेला भलीमोठी स्लायडिंग खिडकी. वळवाचा पाऊस आडवा आला आणि बंद खिडकीच्या ट्रॅकमधून थेट आत. नवा सोफा, लॅपटॉपची बॅग, कोपऱ्यातला एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं ओलं. ‘व्ह्यू’साठी जादा पैसे मोजले होते, तीच ही खिडकी!

दुसऱ्या दिवशी मॅडम खिडक्यांच्या दुकानात. सेल्समन म्हणाला, “ही बसवा. वादळात काही होणार नाही, एसीचं बिल कमी, इन्शुरन्सचा हप्ता कमी, वर टॅक्स बेनिफिट!” कोटेशन पावणेदोन लाखांचं. तिने बाहेर येऊन मला फोन लावला, “खरंच मिळतं का गं हे सगळं?”

मिळतं, पण सगळं नाही. आणि तो म्हणाला तिथे तर नाहीच.

ताथवड्यात कसलं आलंय वादळ?

समुद्र लांब आहे, मान्य. पण 3 जून 2020 आठवा. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट चढून आलेल्या वाऱ्याने पुणे-पिंपरी-चिंचवडमध्येही झाडं आडवी केली. 17 एप्रिल 2023 ला तर नुसत्या वादळी पावसात आपल्या शेजारी, रावेत-किवळ्याजवळ होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला.

इमारतींवरच्या वाऱ्याचा भार मोजण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 875 चा तिसरा भाग. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग धरलाय सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. या वेगाचा वारा सहा बाय चार फुटांच्या खिडकीवर साधारण 200 किलोंचा जोर लावतो. म्हणजे तीन धडधाकट माणसं काचेला टेकून उभी! वर जाल तसा वारा वाढतो आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तेव्हा चौदाव्या मजल्यावर दणकट खिडकी ही चैन नाही.

हप्ता कमी? ते फ्लोरिडात!

सेल्समनचं वाक्य अमेरिकेत खरं ठरलं असतं. 1992 च्या ‘अँड्र्यू’ वादळाने फ्लोरिडाची दाणादाण उडवली. त्यानंतर तिथे बांधकामाचे नियम कडक झाले आणि वादळाला तोंड देणारं घर असेल तर विमा कंपनीने हप्त्यात सूट द्यायची, असा कायदाच आला. जुलै 2022 ते जून 2024 या काळात तर अशा खिडक्या-दारांवरचा विक्रीकरही तिथे माफ होता.

आपल्याकडे विमा कंपनीवर अशी कुठलीही सक्ती नाही. मग विम्याचा उपयोग काय? हप्त्यात नाही, क्लेममध्ये! एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर वादळही त्यात येतं. विम्याची रक्कम ठरते ती घर पुन्हा बांधायच्या खर्चावर, बाजारभावावर नाही. समजा 650 चौरस फूट कार्पेट एरिया आणि बांधकामाचा दर 2,500 रुपये धरला, तर विमा सव्वासोळा लाखांचा. फ्लॅट 65 लाखांना घेतला असला तरी! शिवाय घरातल्या सामानाला या रकमेच्या 20 टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल 10 लाखांपर्यंत. भाड्याने राहताय? मग फक्त सामानाचा विमा घ्या.

पण एक मेख आहे. वादळाने काच फुटून घरात पाणी आलं, तर तो क्लेमचा विषय. दर पावसाळ्यात फटीतून झिरपणारं पाणी ही तुमची देखभाल. तिथे पॉलिसी नाही, सिलिकॉनची ट्यूब कामाला येते.

आणखी एक घोळ. होम लोन घेताना बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी बरेचदा तुमच्या आयुष्याचा विमा असतो, घराचा नाही. कपाटातून काढून आजच वाचा. सोसायटीलाही विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीने काढायलाच हवा. तुमच्या सोसायटीच्या पॉलिसीत वादळ आहे का, हा खरा प्रश्न.

टॅक्सचा फंडा

इन्कम टॅक्समध्ये खिडकीच्या पावतीवर वजावट नाही. घराच्या विम्याच्या हप्त्यावर, तुम्ही स्वतः त्या घरात राहत असाल तर, तीही नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढलंत तर राहत्या घरासाठी त्याचं व्याज वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत वजा होतं, पण फक्त जुन्या करप्रणालीत आणि होम लोनच्या व्याजाच्या दोन लाखांच्या मर्यादेतच. नवी करप्रणाली निवडलेल्यांना राहत्या घरासाठी यातलं काही नाही. तरी बिल फेकू नका. पुढे घर विकताना हा खर्च सुधारणेत धरता येतो का, ते सीएला विचारता येईल.

खरी गंमत मिळकतकरात आहे. ताथवडे 2009 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि याच महापालिकेने ‘गृह’ मानांकनाच्या हरित इमारतींना सवलत देऊ केली. मानांकनाचे तारे जितके जास्त, तितकी सूट जास्त: मिळकतकरात 5 ते 15 टक्के. हे मानांकन अख्ख्या प्रकल्पाला मिळतं, एकट्याच्या खिडकीला नाही. म्हणून नवा फ्लॅट बुक करताना स्विमिंग पूलआधी विचारा, ‘मानांकनाचं अंतिम प्रमाणपत्र आहे का?’ ब्रोशरवरचं हिरवं पान म्हणजे प्रमाणपत्र नव्हे!

दर महिन्याची बचत मीटरवर

साधी पारदर्शक काच उन्हातली जवळपास 80 टक्के उष्णता आत सोडते. उष्णता रोखणाऱ्या चांगल्या काचेतून ती एकतृतीयांशापर्यंत खाली येते. पश्चिमेच्या खिडकीला हा फरक दुपारी चारला अंगावर जाणवतो. खिडकीबाहेर छज्जा किंवा बांबूची चटई असेल तर आणखी उत्तम. आतला पडदा थोडाफार मदत करतो, पण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं. एसी एक अंश वर ठेवला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. खोली मुळात कमी तापली तर 22 ऐवजी 25 वर आरामात झोप लागते. त्यात महावितरणचे स्लॅब! युनिट 300 च्या आत राहिले की महागडा दर टळतो.

पैसे काढण्याआधी एवढं करा

- ट्रॅकमधली पाणी जायची भोकं पाहा. सिमेंट नाहीतर धुळीने बुजली असतील तर सुई-दाभणाने मोकळी करा.
- वारा असताना बंद खिडकीजवळ उदबत्ती धरा. धूर हलला की फट सापडली! तिथलं रबर बदला.
- नवी खिडकी घ्यायचीच तर ‘किती वाऱ्याच्या दाबाला तपासली आहे?’ हे कोटेशनवर लिहून मागा.
- दोन ट्रॅकची स्लायडिंग निम्मीच उघडते, दारासारखी उघडणारी जवळपास पूर्ण.
- टफन्ड काच फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन पडतात. लॅमिनेटेड काच तडकली तरी फ्रेमला धरून राहते. उंचावर हा फरक मोठा.
- बाहेरून दिसणारा बदल करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

मैत्रिणीने काय केलं? भोकं मोकळी केली, रबर बदललं, कडेने सिलिकॉन भरलं. खर्च चार आकड्यांत भागला. उरलेल्या पैशातून घराची पॉलिसी काढली आणि पश्चिमेच्या एकाच खिडकीची काच बदलायला टाकली. परवा पुन्हा आडवा पाऊस आला, तेव्हा तिचा फोन आला.

“फरशी कोरडी आहे,” ती म्हणाली. “आता भजी खायला ये!”