तरंगणारे रणगाडे खरंच फसले का?

६ जून १९४४ च्या सकाळी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अमेरिकेच्या ७४१व्या टँक बटालियनचे २९ रणगाडे समुद्रात उतरले. त्यांतले २७ बुडाले. पोहत काठाला लागले ते फक्त दोन. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की, चाचणी न घेता घाईने लढाईत लोटलेलं फसवं यंत्र, अशीच या रणगाड्यांची ओळख होऊन बसली. ही ओळख चुकीची आहे, आणि त्या चाचण्यांत जीव गमावलेल्यांवर अन्याय करणारीही.

मुळात तीसएक टनांचं लोखंड तरंगेल कसं, असं अनेकांना वाटतं. विहिरीत रिकामं पातेलं पडलं तर ते तरंगतं, कारण त्याचा पोकळ आकार वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले हंगेरियन अभियंते निकोलस स्ट्राउसलर यांनी हेच केलं. रणगाड्याभोवती कॅनव्हासचा उंच पडदा बसवला, तो रबरी नळ्यांत हवा भरून उभा करायचा आणि काठावर पोहोचताच खाली पाडायचा. मागे दोन पंखे, त्यांना गती रणगाड्याच्याच इंजिनाची. चाकांचे पट्टे आणि पंखे अशी दुहेरी चाल, म्हणून नाव ‘ड्युप्लेक्स ड्राइव्ह’ अर्थात डीडी. पाण्यात असताना रणगाडा जवळजवळ पूर्ण पाण्याच्या पातळीखाली लटकलेला असे. वर दिसे तो जेमतेम तीन फूट कॅनव्हास. लांबून पाहणाऱ्याला ती लहानशी होडीच वाटावी. पण पातेल्याच्या काठावरून पाणी आत आलं की ते तळ गाठतं, तसंच याचंही होतं.

चाचणी झालीच नाही, हा दुसरा गैरसमज. जून १९४१ मध्ये लंडनजवळच्या हेंडन इथल्या जलाशयात हलका टेट्रार्क रणगाडा तरंगवून दाखवण्यात आला. मग व्हॅलेंटाइन आणि शेवटी शर्मन, असा तीन वर्षांचा हा प्रवास आहे. सैनिकांचं प्रशिक्षण फ्रिटनच्या शांत तळ्यात सुरू होई. गॉस्पोर्ट इथे त्यांना एका खोल टाकीच्या तळाशी ठेवलेल्या रणगाड्यात बसवून वरून पाणी सोडत. पाणी गळ्याशी येईपर्यंत थांबायचं, प्राणवायूची नळी तोंडात धरायची आणि मगच बाहेर पडायचं. त्या अंधारात बसलेली पोरं विशीच्या आसपासची होती, हे आठवलं की आजही मन थबकतं.

आणि मग स्टडलंड. डॉर्सेटच्या या उपसागरात ४ एप्रिल १९४४ रोजी ‘एक्सरसाइज स्मॅश’ नावाचा सराव झाला. व्हॅलेंटाइन डीडी पाण्यात उतरले, त्यानंतर हवा बिघडली आणि लाटा पडद्यावरून आत येऊ लागल्या. रणगाडे बुडाले, सहा सैनिक मरण पावले. समोर शत्रू नव्हता, एक गोळीही सुटली नव्हती. युद्धकाळातल्या चाचणीत जीव धोक्यात नसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा. तळ्यातल्या पाण्याने जे दाखवलं नाही, ते समुद्राने दोन महिने आधीच दाखवून दिलं होतं: हे यंत्र तरंगतं, पण लाटेला त्याची मर्यादा आहे.

ओमाहाला नेमकी तीच मर्यादा ओलांडली गेली. पडदा साधारण फूटभर लाटांसाठी होता. त्या सकाळी लाटा सहा फुटांपर्यंत उसळत होत्या. माझ्या मते चूक यंत्राची नव्हती, तशा समुद्रात एवढ्या लांब ते सोडण्याच्या निर्णयाची होती. कारण त्याच किनाऱ्याच्या पश्चिम भागात अधिकाऱ्यांनी लाटा पाहून ७४३व्या बटालियनचे रणगाडे पाण्यात सोडलेच नाहीत, लँडिंग क्राफ्ट थेट वाळूपर्यंत नेले. यूटा किनाऱ्यावर पाणी त्यामानाने शांत होतं. तिथे एक लँडिंग क्राफ्ट सुरुंगावर आदळून चार रणगाडे गेले, उरलेले जवळपास सगळे काठाला लागले. ब्रिटिशांच्या सोर्ड किनाऱ्यावरही पाण्यात सोडलेले बहुतेक रणगाडे पोहोचले. सगळीकडे बुडाले, हे म्हणूनच खरं नाही.

असाच गैरसमज त्याच युद्धातल्या ‘डक’ या जमिनीवर आणि पाण्यातही चालणाऱ्या अमेरिकी वाहनाबद्दल आहे: तो पाण्यात चालतो म्हणून त्याला बदकाचं नाव दिलं. खरं तर ती जनरल मोटर्सची सांकेतिक अक्षरं होती, डी-यू-के-डब्ल्यू. त्यातला ‘डी’ म्हणजे १९४२ साल. या सहाचाकी वाहनावर लष्कराचा आधी विश्वास बसत नव्हता. डिसेंबर १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक गस्तनौका वादळात रुतली, तेव्हा चाचणीसाठी तिथे असलेल्या डकने खवळलेल्या पाण्यात जाऊन तिच्यावरचे सात जण सुखरूप आणले. पुढे असे एकवीस हजारांहून अधिक डक तयार झाले.

स्टडलंडला आज त्या सहा सैनिकांचं स्मारक आहे. ओमाहाचे २७ रणगाडे मोजताना हे सहा जणही मोजावेत, एवढीच विनंती.