थंडी कमी झाली, पण दिवस कोणी मोजले?

डिसेंबर-जानेवारीत मिरकरवाडा बंदरावरच्या चहाच्या टपरीवर दोन विषय हमखास निघतात. एक डिझेलचा भाव आणि दुसरा थंडी. बाहेरच्या माणसाला वाटेल, कोकणात थंडी ती केवढी! परंतु ज्याची रोजी समुद्रावर आहे, त्याला थंडी केवळ अंगावरच्या कपड्यापुरती नसते. पहाटे जमिनीकडून मतलई सुटते, उत्तरेचा वारा लागतो, वरचे पाणी निवते आणि त्यावरून तांडेल मासळीचा अंदाज बांधतो. ही पहाटच बदलली आहे, असे आता पुष्कळ बोटमालक म्हणतात. काहींना ते मान्य नाही.

प्रस्तुत लेखक कापडाचा व्यापारी आहे. बोटमालक, तांडेल आणि खलाशी हे आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा हंगाम चांगला तर आमची उधारी वसूल. म्हणून गेल्या हिवाळ्यात हा वाद मी शेवटपर्यंत बसून ऐकला.

एक वयस्क नाखवा म्हणाले, "आमच्या जवानीत डिसेंबरात बोटीवर घोंगडी घेतल्याशिवाय झोप येत नसे. आता खलाशी उघड्या अंगाने झोपतात. समुद्र तापला, मासा खोल गेला."

समोरचा तरुण ट्रॉलरमालक उसळून बोलला, "चाचा, समुद्र तापला नाही, रिकामा झाला. एलईडीचे दिवे लावून रात्रीत सगळा थवा उचलला, तर थंडी असली काय आणि नसली काय, जाळ्यात येणार काय?"

तिसऱ्याने दोघांनाही उडवून लावले. "दोन-चार वर्षे थंडी कमी, दोन-चार वर्षे जास्त. हे चालायचेच. ग्लोबल वॉर्मिंग वगैरे शहरातल्या लोकांच्या गोष्टी."

मग सर्वांनी मला विचारले. मी म्हणालो, माझ्या दुकानातली स्वेटरे आणि ब्लँकेटे पडून राहतात, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? तरुण हसला. म्हणाला, "शेठ, तुमची स्वेटरे थंडीने नाही, लोक मोबाईलवर खरेदी करतात म्हणून पडून राहिली." मी गप्प बसलो. त्याचे म्हणणे निदान अर्धे तरी खरे होते. माल का खपला नाही, याची कारणे मी कधी वेगवेगळी लिहून ठेवलीच नव्हती.

नोंदी काय सांगतात

वाद आठवणींवर चालतो, म्हणून आधी नोंदी पाहू. हवामान खात्याच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत. त्यानुसार देशाच्या सरासरीत डिसेंबर २०२२ हा तोवरचा सर्वांत उबदार डिसेंबर ठरला आणि २०२४ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या अहवालानुसार, १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराचे पृष्ठभागाचे तापमान सुमारे १ अंशाने वाढले. म्हणजे तिसऱ्या मित्राचे "हे चालायचेच" एखाद्या हिवाळ्यापुरते खरे असू शकते. पन्नास-साठ वर्षांच्या हिशेबात ते टिकत नाही.

समुद्राला एक अंश ही लहान गोष्ट नाही. चक्रीवादळ पोसायला साधारण २६.५ अंशांपेक्षा गरम पाणी लागते. पूर्वी अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने थंड, म्हणून आपल्याकडे वादळे कमी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. नावे आपल्या किनाऱ्याला पाठ आहेत : नोव्हेंबर २००९ चे फयान, ऑक्टोबर २०१९ चे क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा, जून २०२० चे निसर्ग, मे २०२१ चे तौक्ते.

मासा गेला कुठे?

तरुण ट्रॉलरमालकाची बाजूही खोटी नाही. एलईडी दिव्यांवरची मासेमारी केंद्राने २०१७ मध्ये बंद केली. पर्ससीनवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले आणि राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली. हे कायदे उगाच आलेले नाहीत.

तारलीचे उदाहरण घ्या. हा मूळचा मुख्यतः केरळ-कर्नाटकचा मासा. पाणी तापू लागले तसा तो उत्तरेकडेही पसरला. केरळात २०१२ साली तारलीची पकड ४ लाख टनांच्या घरात होती. २०२१ साली ती ३,३०० टनांच्या आसपास आली. शास्त्रज्ञ याला एकच कारण देत नाहीत. समुद्राचे बदललेले हवामान हे एक आणि लहान मासळीसकट झालेला उपसा हे दुसरे. म्हणजे चाचा आणि तरुण दोघेही बरोबर आहेत. आधीच पातळ झालेल्या थव्याला गरम पाण्याचा मार जास्त लागतो.

गेले ते दिवस

पण मला व्यापारी म्हणून सर्वांत बोलका वाटला तो २०१९ चा आकडा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनुसार, महाराष्ट्राची पकड २०१८ मध्ये २.९५ लाख टन होती, ती २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतली ही नीचांकी पकड होती. त्यामागचे एक मोठे कारण संस्थेने दिले ते म्हणजे, एकामागून एक आलेल्या वादळांमुळे मासेमारीचे दिवसच बुडाले.

इथे थोडे गणित करू. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी धरली, तर ट्रॉलरला वर्षात ३०४ दिवस उरतात. पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर मिळून १२२. हे झाले कागदावरचे दिवस. त्यातून वादळाचे गेले, वादळाच्या नुसत्या इशाऱ्याचे गेले, इंजिन आणि जाळ्याच्या दुरुस्तीचे गेले. खर्च मात्र थांबत नाही. खलाशांना उचल आधीच दिलेली असते आणि बँकेचा हप्ता तारखेला येतो. हिवाळा उबदार असला की मासळी टिकवायला बर्फही जास्त लागतो.

आम्ही दुकानदारही तारखेनेच चालतो. २०१९ च्या डिसेंबरात एका जुन्या गिऱ्हाइकाकडे मी उधारीचा तगादा लावला. क्यार आणि महात त्याची बोट बंदरात बांधून होती, हे मला माहीत होते. तरीही लावला. त्याने माझे पैसे चुकते केले, पण एका दलालाकडून आगाऊ रक्कम घेऊन. त्या बदल्यात पुढच्या हंगामाची मासळी पडत्या भावात त्यालाच बांधून दिली. माझी वही बंद झाली आणि त्याचे घर दोन वर्षे मागे गेले. हे मला फार उशिरा कळले. तेव्हापासून मी विचारतो, "बोट किती दिवस पाण्यात होती?" हप्ता त्यावर ठरवतो. यात माझे पैसे बुडाले नाहीत, उशिरा आले एवढेच.

बोटीची वही

थंडी कमी झाली की मासे कमी झाले, हा वाद चहाबरोबर चालू द्यावा. पण प्रत्येक बोटमालकाने एक साधी वही घालावी. रोज एक ओळ पुरे : बोट गेली की नाही, नसेल तर कारण काय, किती वाव पाण्यात जाळे टाकले, कोणती मासळी, किती, कोणत्या भावाने, डिझेल आणि बर्फ किती. तीन-चार हंगाम अशी वही चालली तर वादळाने काय नेले, उपशाने काय नेले आणि भावाने काय नेले, हे वेगवेगळे दिसेल. बँकेपुढे, विमा कंपनीपुढे किंवा नुकसानभरपाई मागताना सरकारपुढे ठेवायला हातात कागद असेल. तोंडी गाऱ्हाणे आपण पुष्कळ वर्षे मांडून पाहिले.

पाण्याचे तापमान मोजायला वेगळा खर्चही नाही. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राचे तापमान आणि त्यातील हरित द्रव्य पाहून, मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते विनामूल्य कळवते. ग्लोबल वॉर्मिंग न मानणारे आमचे तिसरे मित्रसुद्धा बोट सोडण्यापूर्वी मोबाईलवर हाच नकाशा पाहतात. मी हे म्हणालो तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तापमान मी मानतो शेठ, भाषण मानत नाही."

ठीक आहे. वहीत भाषणाला जागा नसतेच. दुसऱ्या दिवशी चाचांनी नातवाला माझ्या दुकानाशेजारच्या स्टेशनरीत पाठवून लांब पानांची वही मागवली. पहिल्या पानावर तारीख पडली आहे. बाजारातल्या इतर बोटमालकांनी आणि त्यांना उधारी देणाऱ्या माझ्या दुकानदार बांधवांनीही हा हंगाम संपण्याची वाट पाहू नये.