हौस, हात आणि हिशेब

मनांतील कल्पनेला हातानें आकार द्यावा, ही मनुष्याची फार जुनी भूक आहे. दिवसभर दुसऱ्याच्या सांगण्यानुसार काम करणाऱ्या कारकुनाला, घरकामांत बुडालेल्या गृहिणीला किंवा कामावरून निवृत्त झालेल्या माणसाला ती विशेष जाणवते. केलेला स्वयंपाक घटकेंत संपतो, लिहिलेला कागद दुसऱ्याच्या मेजावर जातो. परंतु स्वतः रंग निवडून ओंवलेला मण्यांचा सर डोळ्यांपुढें राहतो. हातानें दागिने करण्याची गोडी लागते ती यामुळें. मग शेजारीण विचारते, "मला एक कराल का?" आणि हौस धंद्याच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते. तो उंबरठा अवश्य ओलांडावा. मात्र ओलांडतांना हौस मागें राहूं नये, एवढी काळजी घ्यावी.

महाराष्ट्रांत पूर्वीं एका दागिन्यामागें बहुधा दोन कारागिरांचे हात असत. सोनार मणी, पेट्या व पदकें घडवी. पटवेकरी तीं रेशमांत गाठवून देई. ठुशीच्या मागचा गोंडा, तन्मण्याचे मोत्यांचे सर, काळ्या मण्यांची पोत, हें सारें गाठवण्याचें काम. नवशिक्यानें सोनाराच्या भट्टीकडे न वळतां पटवेकऱ्याच्या दोऱ्यापासून आरंभ करणें बरें. शुद्ध चांदी सुमारें ९६२ अंश सेल्सिअस उष्णतेला वितळते. तिचे सांधे जोडण्यास प्रखर ज्योत, मोकळी हवा आणि जाणत्या कारागिराची शिकवण लागते. गाठवण्यास मात्र बारीक सुई, रेशीम, कात्री, चिमटा आणि खिडकीजवळचा उजेड एवढें पुरतें.

तरीही तें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. मोत्यांच्या चांगल्या सरांत प्रत्येक दोन मोत्यांमध्यें एक गांठ असते. ही गांठ सैल मारून, तिच्यांत सुईचें टोंक घालून ती मोत्याला भिडेपर्यंत सरकवीत न्यावी लागते. तिचे उपयोग दोन. मोती एकमेकांवर घांसून झिजत नाहींत. आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती निसटतो, सगळा सर भुईवर विखुरत नाहीं. गांठ फार आवळली तर सर काठीसारखा ताठ होतो, ढिली राहिली तर दोरा उघडा पडतो. हा मध्य बोटांनाच कळतो, आणि तो कळण्यास पुष्कळ सर उसवावे लागतात.

मणी ओंवण्यापूर्वीं ते ताटलींत मांडून पाहावे. मोठा मणी मध्यें आणि दोन्ही बाजूंना क्रमानें लहान, ही रचना गळ्यावर नीट बसते. सगळेच मणी भडक असले तर नजर कोठेंच ठरत नाहीं. भडक मण्याशेजारीं शांत रंगाचा मणी हवा. दागिना ताटलींत नव्हे, तर गळ्यांत घालून पारखावा.

विकण्याची वेळ आली म्हणजे पहिला नियम सचोटीचा. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनीं १८९३ सालीं शिंपल्यांत मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती मिळविले. तेव्हांपासून असा संवर्धित मोती पुढें सामान्य माणसाच्या आटोक्यांत आला. मोती, मग तो संवर्धित कां असेना, दांताच्या कडेवर हलकेंच घांसला असतां किंचित् खरखरीत लागतो. कांचेचा नकली मोती गुळगुळीत लागतो. नकली वापरण्यांत पाप नाहीं. तो खरा म्हणून विकण्यांत आहे. चांदीवर ९२५ असा आंकडा असला तर हजारांत ९२५ भाग चांदी हवी. भारतांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें लागू झाली आहे. म्हणून सोन्याचा व्यवहार नवशिक्यानें दूरच ठेवावा. कानांतील तारेंत निकेल असेल तर कित्येकांच्या कातडीला खाज सुटते. युरोपीय संघानें १९९४ सालींच अशा वस्तूंतील निकेलवर निर्बंध घातले. तार कशाची आहे, हें ग्राहकाला आधींच सांगावें.

दुसरा नियम मोलाचा. आणि हौशी माणूस फसतो तो येथेंच. समजा, एका सराचें सामान १८० रुपयांचें, त्याला ४ तास लागले, आणि डबी, जाणेंयेणें व वाया गेलेला माल यांचे ४५ रुपये झाले. करणारी म्हणते, "सामान १८० चें, ३०० ला दिला, पुष्कळ झालें." वस्तुतः तिच्या हातीं ७५ रुपये, म्हणजे तासाला १९ रुपयेही पडले नाहींत. तासाचे ७५ रुपये धरले तर श्रमाचे ३०० आणि एकूण खर्च ५२५ होतो. दुकानदार विक्रीचा चौथा हिस्सा घेत असेल तर किंमत ७०० हवी. ५२५ वर चौथाई चढवून ६५६ मागितले तर दुकानदाराचा हिस्सा वजा जातां ४९२ च उरतात, आणि ३३ रुपयांची खोट बसते.

संकोचानें श्रमाचें मोल सोडणारी व्यक्ति प्रथम पैसे गमावते, मग उत्साह गमावते. रात्रीं जागून केलेलें काम फुकट जातें असें वाटूं लागलें कीं, ज्या मण्यांनीं मन हलकें होत असे तेच डोळ्यांना नकोसे होतात. शिवाय शेजारची जी विधवा याच कामावर मुलांचें शिक्षण करीत असेल, तिचाही भाव त्यामुळें पडतो.

यंत्रावर निघालेल्या मालाशीं स्वस्ताईची शर्यत लावूं नये, ती हरण्याचीच. यंत्राला जमत नाहीं तें करावें : गळ्याच्या मापानें सर करून द्यावा, आजीच्या तुटलेल्या माळेचे मणी पुन्हा गाठवून द्यावे, दोरा झिजला तर बदलून द्यावा. काम वाढलें तर सूक्ष्म उद्योगांची 'उद्यम' नोंदणी करावी. २०२० सालीं सुरू झालेल्या या नोंदणीला शुल्क नाहीं.

आणि आठवड्यांतील एक संध्याकाळ अशी राखावी कीं जेव्हां कोणाच्याही मागणीचें काम हातीं घ्यावयाचें नाहीं. त्या वेळीं मनाला येईल तो रंग, मनाला येईल ती रचना करून पाहावी. धंदा हिशेबावर चालतो. परंतु त्याला नवी कल्पना मिळते ती या मोकळ्या संध्याकाळींच.