सराफ नेमका कोण?

हाँगकाँगमध्ये वाहनतळातून गाडी बाहेर काढण्याआधी पैसे भरायचे असतील, तर 'श्रॉफ' अशी इंग्रजी पाटी शोधावी लागते. तिथल्या इस्पितळांत आणि न्यायालयांतही पैसे भरण्याच्या खिडकीवर हाच शब्द असतो. लंडनहून आलेला इंग्रज ती पाटी पाहून गोंधळतो, कारण त्याच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द नाही. मुंबईकराला आधी जॅकी श्रॉफ आठवेल. पण ही पाटी आणि आपल्या बाजारपेठेतल्या 'सराफ व जवाहिरे' या पाट्या एकाच घराण्यातल्या आहेत, हे दोघांपैकी कुणाच्या चटकन ध्यानात येणार नाही.

शब्द मूळचा अरबी, 'सर्राफ'. त्याच्या धातूत वळवणे, बदलणे हा अर्थ आहे. एका प्रकारचे नाणे घेऊन दुसऱ्या प्रकारचे देणारा तो सर्राफ. फारसीतून तो हिंदुस्थानात आला आणि राजदरबारी मान्यता पावला. अकबराच्या टांकसाळीचे वर्णन करताना अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त या पारख्याला महत्त्वाचे स्थान दिले आहे. नाण्यातला धातू किती शुद्ध आहे, हे तोच ठरवत असे. पोर्तुगीजांनीही हा शब्द उचलला. त्यांच्या हिंदुस्थानातल्या अमलाच्या १५५४च्या हिशेबात 'शराफो' नावाच्या कामगाराचा महिन्याला दोन पार्दाव (तिथले नाणे) पगार नोंदलेला आहे. त्याचे काम होते जमा होणारा पैसा तपासण्याचे.

या माणसावाचून कुणाचेच पान का हलत नव्हते, ते समजायला पेशवाईतला एखादा आठवडेबाजार डोळ्यांपुढे आणावा. रुपया एकच नव्हता. अंकुशी होता, चांदवडी होता, निजामाच्या मुलखातून आलेला होता, सुरतेचा होता, शिवाय तांब्याच्या शिवराया. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. वापरून झिजलेले नाणे वेगळे, कडा कापलेले वेगळे. सरकार सारा मागणार एका ठरावीक रुपयात आणि शेतकऱ्याच्या कनवटीला असणार दुसराच. मधली तूट भरून काढायची ती 'बट्टा' देऊन, आणि त्या दिवशी त्या गावात बट्ट्याचा दर काय, हे सांगणारा माणूस म्हणजे सराफ. गावपातळीवर हे काम बहुधा सोनाराकडे असे आणि त्या अधिकाराने त्याला पोतदार म्हणत. खोटे नाणे सरकारी भरण्यात जाऊ न देण्याची जबाबदारी त्याची. आज आडनाव म्हणून उरलेला पोतदार हा एके काळी गावाचा नाणेतपासनीस होता.

सराफाची हत्यारे साधी होती: तराजू, कसोटीचा दगड, बोटांची सवय आणि कान. नाणे दगडावर टाकायचे आणि नाद ऐकायचा. शुद्ध चांदी खणखणते, भेसळीची बद्द वाजते. मराठी भाषा या गादीच्या आसपास बराच वेळ रेंगाळलेली दिसते. 'खणखणीत नाणे' तिथलेच. नाण्यासारखी पारख करणे म्हणजे 'नाणावणे', म्हणून कसाला उतरलेला माणूस 'नाणावलेला'. नावाला लागतो तो बट्टाही तोच. सगळ्यात गमतीचा प्रवास 'शहाजोग' या शब्दाचा. शहाजोग हुंडी म्हणजे बाजारात पत असलेल्या 'शहा' माणसाच्याच हाती पैसे द्यावेत, असे सांगणारी हुंडी. त्या अर्थी शहाजोग म्हणजे भरवशाचा, प्रतिष्ठित. आज कुणाला शहाजोग म्हणून पाहा, तो भांडायलाच उठेल. पेढीवरच्या प्रतिष्ठेकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असावेत, याचा अंदाज यावरून बांधायला हरकत नाही.

हुंडी आली की सराफाचा दुसरा अवतार सुरू होतो. नाणी बदलता बदलता तो पैसे सांभाळू लागला, उसने देऊ लागला, एका शहरातून दुसऱ्या शहरात चिठ्ठीवर पाठवू लागला. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदतीची ठरलेल्या दिवशी वटत असे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात सराफ शब्दापुढे नाणी बदलणारा आणि पेढीवाला हे अर्थ मिळतात. मुंबईत गुजराती आणि मुलतानी सराफांच्या पेढ्या कापसाच्या आणि धान्याच्या व्यापाराला पैसा पुरवत होत्या. इंग्रजी बँकांना तर स्थानिक व्यापाऱ्याची पत कळावी म्हणून त्यांचीच मदत घ्यावी लागे. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि १९३७मध्ये तिने या मंडळींपुढे एक योजना ठेवली: आमच्याशी जोडून घ्या, पण बँकेचा धंदा बाकीच्या व्यापारापासून वेगळा करा आणि हिशेब तपासू द्या. सराफांनी नकार दिला. व्यापार सोडणे परवडणारे नव्हते आणि वही परक्याला दाखवणे तर मुळीच पटणारे नव्हते.

नाणी पारखण्याचे मूळ काम मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीच आटू लागले होते. १८३५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. संस्थानी नाणी पुढे कित्येक वर्षे चालली, तरी दिशा ठरून गेली. प्रत्येक रुपया सारखाच असेल तर तो वाजवून कशाला पाहायचा?

तोवर शब्द जहाजात बसून पूर्वेला पोचला होता. चीनच्या किनाऱ्यावरच्या व्यापारात स्पेनचे आणि मेक्सिकोचे चांदीचे डॉलर चालत आणि त्यांत खोट्यांची रेलचेल असे. परदेशी पेढ्या ते तपासायला चिनी पारखी ठेवत आणि त्यांना हिंदुस्थानातल्या सवयीने 'श्रॉफ'च म्हणत. तपासलेल्या डॉलरवर छोटे ठसे मारले जात. असे ठसेच ठसे उमटलेले डॉलर आज नाणेसंग्राहक जपून ठेवतात. कॅन्टनमध्ये १९व्या शतकात ही विद्या शिकवणाऱ्या शाळाही होत्या आणि गुरुजी शिष्यांच्या सरावासाठी खोट्या डॉलरांचा साठा बाळगून असत. पुढे डॉलर गेले, पारख गेली, हाँगकाँगमध्ये पैसे घेणारी खिडकी तेवढी राहिली. श्रीलंकेतही तसेच झाले. तिथल्या कचेऱ्यांत आणि बँकांत श्रॉफ म्हणजे रोखपाल.

अरबी जगात शब्दाने यंत्राचे रूप घेतले आहे. कोकणातून आखातात नोकरीला गेलेला माणूस बँकेच्या ज्या यंत्रातून पैसे काढतो, त्याला सौदी अरेबियात 'सर्राफ आली' म्हणतात. आली म्हणजे आपोआप चालणारा. थोडक्यात, स्वयंचलित सराफ. इराणमध्ये 'सर्राफी' म्हणजे परकी चलन बदलून देणारे दुकान. तुर्कस्तानात मात्र आपल्यासारखेच, सर्राफ म्हटले की सोन्याचे दुकानही डोळ्यांपुढे येते.

आडनावांत धंद्याच्या सगळ्या छटा मिसळून गेल्या आहेत. सराफ मराठीत, श्रॉफ गुजरातीत आणि पारशांत, सर्राफ उत्तरेत. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेला, जिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पाया घातला गेला, हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ए. डी. श्रॉफ होते. जगभरच्या चलनांचे विनिमय दर ठरवण्याची चर्चा आणि तिथे एक सराफ, हा योगायोग चांगलाच जुळला. अशोक सराफांनीही अभिनयात पूर्णवेळ येण्याआधी स्टेट बँकेत नोकरी केली होती, हे त्यांच्या चाहत्यांना ठाऊक असते.

मग मराठीत सराफ म्हणजे दागिनेवाला कसा झाला? सरळ उत्तर हेच दिसते की नाण्याची पारख संपली, तरी सोन्याची संपली नाही. दगड तोच, तराजू तोच. सोनार दागिना घडवतो, सराफ तो विकतो, मोडीत घेतो, गहाण ठेवतो. ही वाटणी बाजाराला आजही कळते. सांगलीत १८३२ साली सुरू झालेल्या गाडगिळांसारख्या पेढ्या याच वळणावर वाढल्या. नाशिकचा सराफ बाजार गोदावरीला पूर आला की बातम्यांत येतो. इंदूरच्या सराफ्यात तर दिवसा दागिने आणि रात्री दुकाने मिटल्यावर त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि साबुदाण्याची खिचडी खायला गर्दी उसळते. सराफा म्हणजे खाऊगल्ली, असा तिसराच अर्थ तिथे पाहुण्यांच्या मनात पक्का बसतो.

आता ती दुसरी पारखही दुकानाबाहेर चालली आहे. १६ जून २०२१पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक लागतो. कस ठरवते ते तपासणी केंद्र. दुकानातही क्ष-किरणांचे यंत्र काही क्षणांत कॅरेट सांगते, दगडावर रेघ ओढावी लागत नाही. सराफाच्या हाती राहते ती घासाघीस: आजीच्या पाटल्या मोडीत द्यायच्या तर डाग किती, घट किती, नव्या दागिन्याची मजुरी किती. गिऱ्हाईक यंत्रावरचा आकडा मान्य करते आणि घटीवरून वाद घालते.