फ्रंट लोड वॉशिंग मशीन : ७ किलो की ९? आधी घरातले कपडे तोला

मलकापूरचा पावसाळा म्हणजे दोरीवर चार-चार दिवस ओले राहणारे कपडे. म्हणून आता घरोघरी फ्रंट लोड मशीनची चौकशी सुरू असते. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "घरात माणसं किती?" पण नुसत्या माणसांवरून मशीन ठरत नाही. आपण कपडे किती दिवसांनी धुतो, हेही पाहावं लागतं.

किलो म्हणजे काय?
मशीनवर लिहिलेलं वजन कोरड्या कपड्यांचं असतं, ओल्या नव्हे. आणि तेही फक्त सुती कपड्यांच्या प्रोग्रामसाठी. बुरखा, दुपट्टे, सिंथेटिक कपडे साधारण निम्मेच टाकायचे. झटपट धुण्याच्या प्रोग्रामला त्याहूनही कमी. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत मिळेल.

हिशोब असा करा
धुण्याचं कोरडं गाठोडं हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा. त्यातून स्वतःचं वजन वजा करा. अंदाजाला हे आकडे धरा : कुर्ता-पायजमा अर्धा किलो, मोठा टॉवेल अर्धा किलो, जीन्स पाऊण किलोच्या आत, अभ्र्यांसह डबल बेडशीट एक किलो.

समजा, दादी, आई-वडील आणि तीन मुलं अशा सहा जणांचे रोजचे कपडे ४ किलो भरले. रोज धुणार असाल तर ६-७ किलोचं मशीन पुरेल. एक दिवसाआड धुणार असाल तर ८-९ किलोचं बघा.

मोठं घेतलं की झालं?
नाही. मोठ्या ड्रममध्ये चारच कपडे टाकले की ते एका बाजूला गोळा होतात, पिळताना मशीन हादरतं. पाणी-विजेचा खर्चही दर किलोमागे वाढतो. उलट, ठासून भरलं तर कपडे नीट खंगाळले जात नाहीत, साबण राहतो. नमाजाच्या कपड्यांबाबत तर मनात शंकाच राहते. नापाक डाग आधी वेगळा धुवा, 'जादा रिन्स'चं बटण वापरा. मसला मात्र इमामसाहेबांना विचारा.

खूण सोपी आहे : सुती कपडे भरल्यावर वरच्या बाजूला उभा पंजा सहज जायला हवा.

ईदचे पाहुणे आणि वर्षातून दोनदा धुतली जाणारी रजई यांच्यासाठी मोठं मशीन घेऊ नका. त्या दिवशी मशीन दोनदा लावा, रजई लाँड्रीत द्या.

पैसे देण्याआधी
- बहुतेक मशीन ६० सेंमी रुंद असतात. किलो वाढले की खोली वाढते. दार उघडायलाही जागा लागते. मोरी आणि दरवाजा मोजूनच कोल्हापूरला जा.
- पाणी गरम करणाऱ्या मशीनला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा.
- टाकी नळापेक्षा पुरेशी उंच आहे का, ते पाहा.
- वाळवणारं मशीन घेणार असाल तर दोन आकडे वाचा. ८ किलो धुणारं मशीन एका वेळी ५ किलोच वाळवू शकतं. आपल्याकडच्या पावसात हा दुसरा आकडाच कामाचा.