बॅक दाबलं, पण मागे गेलं कोण?

ट्रिप ठरते आणि हॉटेल शोधायचं काम ग्रुपमधल्या एकाच्या गळ्यात पडतं. तो लॅपटॉपवर दोन टॅब उघडतो. आधी पहिल्यात स्वस्तातलं हॉटेल बघतो, मग दुसऱ्यात जरा भारीतलं. ग्रुपवर चर्चा झडते आणि शेवटी ठरतं, ‘स्वस्तातलंच घे रे!’ तो पहिल्या टॅबवर परत येतो. समोर स्वस्त हॉटेलचंच नाव, त्याचाच फोटो. तो ‘बुक करा’ दाबतो आणि बुक होतं ते दुसरं, महागडं!

आता यात त्या बिचाऱ्याची चूक काय? जे दिसत होतं त्यावरच त्याने क्लिक केलं. हा किस्सा काल्पनिक असला तरी चूक खरी आहे. श्रीराम कृष्णमूर्ती, मॅथियास फेलायझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात एका ट्रॅव्हल साइटवरची अशाच प्रकारची चूक उलगडून दाखवली होती. ती समजून घ्यायची तर वेबच्याही आधीच्या एका कल्पनेकडे जावं लागतं. तिचं नाव कंटिन्युएशन.

उरलेलं काम

नाव जड वाटतं, पण गोष्ट सोपी आहे. ४ आणि ५ ची बेरीज करून तिला २ ने गुणायचं आहे. कॉम्प्युटर आत्ता बेरीज करतोय. या क्षणी पुढचं काय काम उरलंय? ‘जे उत्तर येईल त्याला २ ने गुण आणि स्क्रीनवर दाखव.’ हे जे उरलेलं काम, तेच त्या क्षणाचं कंटिन्युएशन. त्यात एक रिकामी जागा असते. तिथे ९ आले की १८ मिळतात.

प्रत्येक प्रोग्रामला प्रत्येक क्षणी असं उरलेलं काम असतंच. फंक्शनमध्ये आपण ‘रिटर्न’ लिहितो तेव्हा उत्तर जातं कुठे? या उरलेल्या कामाकडेच. फक्त भाषा ते आपल्याला दाखवत नाही, कॉल स्टॅकवर गुपचूप सांभाळते.

१९६४ मध्ये डच गणितज्ञ आद्रियान व्हान वाइनगार्डन यांनी ‘गोटू’ काढून टाकायची एक युक्ती मांडली. प्रत्येक प्रोसिजरला एक जास्तीचा पॅरामीटर द्यायचा: तुझं काम झालं की पुढे काय करायचं. नंतरच्या काही वर्षांत हीच कल्पना वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्रपणे सुचत राहिली. इतकी, की जॉन रेनॉल्ड्स यांनी १९९३ मध्ये तिचा इतिहास लिहिला तेव्हा शीर्षकात ‘शोध’ हा शब्द अनेकवचनी वापरला.

खरी धमाल केली ती स्कीम या भाषेने. १९७५ मध्ये एमआयटीत जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी ती तयार केली. तिच्यातला ‘कॉल-सीसी’ हा ऑपरेटर उरलेलं काम थेट प्रोग्रामरच्या हातात ठेवतो. आकडा किंवा स्ट्रिंग जशी व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, तसंच हेही ठेवायचं, दुसऱ्या फंक्शनला द्यायचं, हवं तेव्हा बोलवायचं. मघाचं ‘२ ने गुण आणि दाखव’ ठेवून दिलं आणि नंतर त्याला ५० दिले, तर प्रोग्राम तिथूनच पुढे सुरू होतो आणि १०० दाखवतो.

गेमचा सेव्ह पॉइंट? नाही!

हे ऐकून गेममधला सेव्ह पॉइंट आठवला ना? इथेच फसायला होतं. सेव्ह पॉइंटवर गेलात की गेममधलं अख्खं जग मागे जातं. कंटिन्युएशन फक्त ‘इथून पुढे काय करायचं’ हे परत आणतं. मधल्या काळात सामाईक वहीत कोणी काही लिहिलं असेल, तर ते तसंच राहतं.

आता हॉटेलकडे या. २००० मध्ये फ्रेंच संशोधक क्रिस्तियाँ केनेक यांनी दाखवून दिलं की वेब पेज म्हणजे तुमच्या उत्तरासाठी थांबलेला प्रोग्राम. प्रत्येक पेजमागे त्याचं त्याचं उरलेलं काम असतं. बॅक दाबलं की तुम्ही जुन्या कंटिन्युएशनकडे जाता, आणि दोन टॅब उघडले की तुमच्याकडे दोन कंटिन्युएशन असतात. साइटने मात्र ‘सध्या निवडलेलं हॉटेल’ दोघांसाठी एकाच जागी लिहून ठेवलं. दुसऱ्या टॅबने पहिल्याची निवड पुसली. निवड त्या त्या पेजच्या उरलेल्या कामातच ठेवली असती, तर ही वेळच आली नसती.

मग सगळंच पेजसोबत ठेवायचं का? तेही नाही. किती खोल्या शिल्लक आहेत आणि खात्यातून किती पैसे गेले, हे मागे जाऊन चालणार नाही. नाहीतर बॅक दाबून प्रत्येकाने पैसे परत मिळवले असते!

तुम्ही हे रोज वापरता

पायथनचं ‘यील्ड’, जावास्क्रिप्टचं ‘अवेट’ ही याच कुटुंबातली मंडळी. कॉटलिनमध्ये ‘सस्पेंड’ फंक्शन लिहिलं की कंपायलर त्याला एक छुपा पॅरामीटर जोडतो, आणि त्याच्या टाइपचं नावच कंटिन्युएशन आहे. म्हणजे १९६४ चीच युक्ती! २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेडही आतून याच कल्पनेवर चालतात. कॉल-सीसी सगळंच उरलेलं काम हातात देतो, त्यामुळे कोड वाचणं अवघड होतं. म्हणून ठरावीक हद्दीपर्यंतचंच काम उचलणारे ऑपरेटर आले. २०२२ च्या ओकॅमल ५ मधले ‘इफेक्ट हँडलर’ त्याच वाटेवरचे.

व्हायव्हात ‘अवेट म्हणजे काय?’ विचारलं की आपण ठोकून देतो, ‘सर, प्रोग्राम थांबतो.’ प्रोग्राम थांबत नाही. त्या फंक्शनचं उरलेलं काम गुंडाळून बाजूला ठेवलं जातं आणि दुसरी कामं सुरू राहतात. त्यामुळे अवेटच्या आधी ‘सीट रिकामी आहे का’ तपासलं आणि नंतर ती बिनधास्त देऊन टाकली, तर मधल्या वेळात ती दुसऱ्या कोणाची झालेली असू शकते. तिकीट दोघांकडे, सीट एक!

करून बघा

तुमचा मिनी प्रोजेक्ट दोन टॅबमध्ये उघडा. पहिल्यात एक गोष्ट निवडा, दुसऱ्यात वेगळी. मग पहिल्या टॅबवर येऊन सबमिट करा आणि डेटाबेसमध्ये काय गेलंय ते बघा. एक्स्टर्नलच्या आधी तुम्हीच बघितलेलं बरं.